खांबाला जय भीम

आमच्या बाबांना काहीही विचारा, उत्तर एकच: "ठणठणीत हाय." तब्येत, शेत, जावई, सगळं ठणठणीत. जन्मभर साजगावच्या एका कारखान्याचा टेंपो चालवलेला माणूस, त्यामुळे डोळ्यांबद्दल तर बोलायची सोय नव्हती.

एकदा चौक गावच्या नाक्यावर त्यांनी विजेच्या खांबाला जय भीम केला. खांब कसला बोलतोय. बाबा मला म्हणाले, "माणसं लय मोठी झाली गं. ओळख देत नायत." मला हसू आवरेना आणि भीतीही वाटली, कारण हाच माणूस रोज स्कूटर घेऊन हायवेला जायचा.

ती स्कूटर चालायची आईच्या जिवावर. ती मागं बसून सांगायची, "डावीकडं म्हैस हाय," "ट्रक आला, थांबा." बाबा थांबायचे आणि वर म्हणायचे, मला ठाऊक होतं. गावाला मात्र कौतुक, या वयातही दोघं कशी जोडीनं फिरतात! डोंबल जोडीनं.

बाबांचा मोतीबिंदू पार पिकला होता. शेजारच्या काकूंचा डोळा असाच हयगयीनं कायमचा गेलेला. मी म्हटलं, उद्या दवाखान्यात चला.

"माजे डोळे ठणठणीत हायेत. नसते तर तुजी आई मागं बसली असती का? इचार तिला."

विचारलं. आई भाकरी थापत होती. "मला तरी कुठं धड दिसतंय," ती म्हणाली.

"मग म्हैस? ट्रक?"

"आवाजावरून सांगते. म्हशीला घंटा असते, ट्रकला भोंगा."

"आणि जे वाजत नाय ते?"

"ते अजून आडवं आलं नाय."

मी कपाळावर हात मारला. बाबांनी स्कूटरची चावी माझ्या हातात ठेवली.

कर्जतला आधी बाबांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी घरभर हिंडून भिंतीच्या रंगाला नावं ठेवली, माझ्या केसांना ठेवली. मग जेवायला बसले. आई ताट वाढत होती, तिचा हात त्यांनी मधेच धरला. मनगटापासून वर तव्याचे चटके, जुन्यावर नवे.

"हे कदी भाजलं गं?"

"रोजच भाजतंय. तवा नीट दिसत नाय."

बाबांनी ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाले, "दवाखान्यात फोन लाव. हिला उद्याच नेऊ."