बोदवडचे साठ मिलिसेकंद

पुनाने शाळा सोडून तीन वर्षं झाली. मेहरूणच्या घरी बाप अजून विचारतो, "दिनभर करस तरी काय तू?"

"बटनं दाबस," पुना म्हणतो. खोटं नाही ते.

'पाटी' नावाचा एक फुकट एडिटर आहे. काळा पडदा, माऊस नाही, सगळं कीबोर्डवर. जगभरची माणसं फावल्या वेळात तो दुरुस्त करतात. पण तीन जातींच्या कॉम्प्युटरवर त्याचे तीन नखरे. पुनाच्या जुन्या लिनक्सवर बाण दाबला की कर्सर हलायच्या ऐवजी कधी कधी मजकुरात कचरा सांडायचा. जामनेरला चुलतबहीण सारिका सेतू केंद्रात बसते, तिच्या विंडोजवर एक अक्षर दाबलं की दोन उमटायची. "भाऊ, हाई काय तोतरं आनं तू?" ती हसायची.

पुना हटला नाही. विंडोज बटण दाबल्याचं एकदा सांगतं आणि सोडल्याचं एकदा, हे त्याने हुडकलं आणि सोडल्याचं गाळलं. बाणाचं दुखणं मात्र चिवट. बाण दाबला की आत तीन तुकडे येतात, आणि पहिला तुकडा हुबेहूब एस्केपच्या बटणासारखा. म्हणून पाटीने जरा थांबून बघायचं, मागून बाकीचे तुकडे येतात का. कमी थांबली तर कचरा. जास्त थांबली तर एस्केप मेल्यासारखं.

किती थांबायचं? पुना बोदवड स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला, कारण तिथे मोबाइलची रेंज रडकी, म्हणजे तुकडे सगळ्यात उशिरा तिथेच येणार. तिथून मोबाइलवरूनच घरचा कॉम्प्युटर चालवत दोन दिवस नुसता बाण दाबत बसला. तुकड्यांमधलं अंतर पन्नास मिलिसेकंदांच्या वर गेलं नाही. त्याने साठ मिलिसेकंद ठेवले आणि कोडमध्ये वर एक ओळ लिहिली: 'बोदवडला खराब रेंजवर मोजलं, पन्नासपर्यंत जातं.'

राहिला मॅक. तो धुळ्याच्या प्रेमराजकडे. प्रेमराज म्हणजे जिवाचा दोस्त. त्याला डेंग्यू झाला तेव्हा अकरा दिवस त्याच्या उशाशी पुना बसला होता, आणि त्याच अकरा दिवसांत पुनाची बारावीची परीक्षा गेली. कधी बोलून दाखवलं नाही. सगळं कोड त्याने प्रेमराजला पाठवलं. "तुझ्या मॅकवर चालवून बघ फक्त."

"चालस रे, एक नंबर," प्रेमराजचा निरोप आला. मग महिनाभर काहीच नाही.

आणि एका दुपारी फोन. "पुना, ते साठ कसाले ठेवं व्हतं रे?"

"तुले कसाले पाह्यजे?"

"आसंच. कोनी तरी विचारी ऱ्हायना."

पुनाने नेटवर पाटीचं पान उघडलं, जिथे सगळ्यांच्या दुरुस्त्या येतात. त्याचंच कोड, ओळ न् ओळ. वर नाव प्रेमराजचं. खाली पाटी सांभाळणाऱ्या बाईंचा सवाल: साठच का, पंचवीस का नाही? बोदवडची ओळ तेवढी गायब.

"मन्ही ओळ कोनी खोडी?"

प्रेमराज म्हणाला, "नोकरीसाठी कंपनीवाल्यांना काम दाखवायचं होतं यार. आणि तुझ्याकडे बारावी पण नाही. तुझ्या नावाने कोणी बघितलं असतं का?"

बारावी! पुनाच्या कानात शिट्टी वाजली. दुसरं कोणी असतं तर धुळ्याला जाऊन थोबाड फोडलं असतं. प्रेमराजला कोणी बोललं तर आजवर पुनाच त्याचं थोबाड फोडत आला होता.

"सांग ना. आज उत्तर द्यायचंय."

"उत्तर त्याच ओळीमा व्हतं," पुना म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी पाटीत साठचे पंचवीस झाले. साठसाठी भांडायला कारण नव्हतं ना प्रेमराजकडे, मग बाईंचा आकडा घेऊन मोकळा झाला. कंपनीने त्याला घेतलं म्हणे.

पुना पुन्हा बोदवडला गेला. तोच बाक. नवी पाटी उघडली, बाण दाबला. पडद्यावर कचरा सांडला. अजून दाबला. अजून सांडला. प्रेमराजने एवढंही तपासलं नव्हतं. चोरलेलं तरी नीट सांभाळायचं!

पानावर चूक कळवायची जागा होती. पुनाने ती उघडली. नावाच्या चौकटीत आधी लिहिलं: पुना, मेहरूण, जळगाव. मग खाली: 'साठच का, ते सांगतो. बोदवडला मोजलं आहे. मीच.'