फुलमतीने पाय धुतले ती दुपार

त्या वर्षी मुलुंडच्या घरात मी प्रार्थना करणं जवळजवळ सोडलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर तुमच्या आजोबांना उठवणं-बसवणं माझ्या एकटीवर होतं. त्यात मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. तुमचे आईबाबा परदेशात, आणि मदत मागणं माझ्या स्वभावात नाही. शेवटी मी त्यांना ठेवण्यासाठी एका वृद्धाश्रमात चौकशी केली. त्यांना त्या संध्याकाळी हो-नाही कळवायचं होतं. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी इतकी थकले होते की वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

त्याच दुपारी दार वाजलं. दारात फुलमती.

माझे वडील छत्तीसगडात मेनोनाइट मिशनच्या शाळेत मास्तर होते. मेनोनाइट हा ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ. ते हत्यार धरत नाहीत, शपथ घेत नाहीत. या पंथाच्या परदेशी मिशनऱ्यांनी गोंड आदिवासींच्या गावांत दवाखाने काढले, दुष्काळात पोरकी झालेली मुलं वाढवली. त्यांनीच गोंडांचे ढोलही बंद करवले, नाच पाप ठरवले. दोन्ही खरं आहे. फुलमती त्याच गोंडांची, वसतिगृहात माझ्या शेजारी झोपणारी. मुलाला मरोळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती मुंबईत आली होती आणि चर्चमध्ये विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचली होती.

"काय गं ही दशा! मास्तरची पोर ना तू? केस तरी विंचर," ती तिच्या छत्तीसगढी हिंदीत म्हणाली. मग तिची नजर खाटेवरच्या आजोबांकडे गेली. तिने परात आणि कोमट पाणी मागितलं. जखम धुणार असेल म्हणून मी कापूस काढला. तिने परात माझ्याच पुढ्यात ठेवली.

"त्यांचे नाही. बाईने बाईचे धुवायचे. विसरलीस?"

विसरले नव्हते. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीनंतर एकमेकींचे पाय धुण्याची तिथली रीत. वडील सांगत, पहिल्यांदा मिशनची गोरी मडम परात घेऊन गुडघ्यांवर बसली तेव्हा गोंड बायका घाबरून बाहेर पळाल्या. लग्नानंतर आजोबांच्या चर्चमध्ये ही रीत मला कधी दिसली नाही.

"मला कामं आहेत, फुलमती."

"पाय दे. बडबड नको."

धुताना ती गुणगुणत होती. स्तोत्र नव्हे, मिशनने बंद केलेल्या नाचाची चाल. माझ्या डोळ्यांना धार लागली. खाटेवरून आजोबांनी अडखळत विचारलं, "कोण गातंय? छान आहे."

पाय पदराने पुसून ती खुर्चीत बसली. "आता तुझी पाळी. का राणीसारखी बसूनच राहणार?"

मी खाली बसले. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या. धुता धुता किती महिन्यांनी ओठांवर प्रार्थना आली. तीही फक्त "प्रभू, तूच बघ" एवढीच.

संध्याकाळी मी आश्रमाला नकार कळवला आणि समोरच्या सावंतवहिनींचं दार ठोठावलं. रोज तासभर आजोबांजवळ बसाल का, असं विचारलं.

"अहो, कधीपासून वाट बघतेय! तुम्ही विचाराल तर ना!" त्या म्हणाल्या आणि तशाच चपला सरकवून आल्या.

जखम भरली नाही. पुढचा नाताळ पाहून आजोबा घरीच, माझा हात धरून गेले. फुलमतीला कुणी पाठवलं याचा मी वाद घालत नाही. बाळांनो, तिकडे दूर कधी फार थकलात, तर आपलं ओझं दुसऱ्याच्या हाती द्यायला लाजू नका. मी अजूनही देवाचे आभार तिचं नाव घेऊनच मानते.