दारापर्यंत आलेले नागोजीराव

बॉयलरच्या काचेतलं पाणी हलत नाही, हे नागोजीरावांना सकाळी नऊलाच दिसलं. अपघात झाला अकराच्या आत. मधल्या वेळात काय झालं ते सांगायचं मी चाळीस वर्षं टाळत आलो. चौकशीत सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो.

म्हैसूरजवळ मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो. नागोजीराव बॉयलर अटेंडंट, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आमच्या पूर्वजांप्रमाणे त्यांचेही म्हैसूरच्या फौजेत आलेले. त्यामुळे आम्ही मराठीत बोलायचो, कन्नड मिसळून.

बॉयलरला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. बॉयलर चालू असताना ते पाणी सतत थोडं थरथरतं. थरथर थांबली तर नळीत कचरा अडकलाय आणि काच खोटं सांगतेय, असं समजायचं. पाणी संपत आलं आणि जाळ तसाच राहिला, तर बॉयलर फुटू शकतो. आमच्या बॉयलरला अशा दोन काचा होत्या. एक फुटली होती. नवी मागवायचं काम माझं होतं. ते मी पुढे ढकलत होतो.

बॉयलर बंद करायला माझी परवानगी लागे. बंद केला की प्रॉडक्शन थांबे आणि जनरल मॅनेजरचा फोन मला येई. नागोजीराव एका महिन्यात तीनदा आले. "सार, स्वल्प बघून जावा. मला बरं दिसत नाही." तिन्ही वेळा बंद केला, तिन्ही वेळा काही निघालं नाही. तिसऱ्यांदा मॅनेजरची बोलणी खाऊन मी कँटीनमध्ये शिरलो. समोर नागोजीराव इडली खात बसले होते.

"काय नागोजीराव," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बॉयलर घाबरतो की तुम्ही? वहिनींना सांगतो, रोज दृष्ट काढून पाठवत जा."

कँटीन हसलं. तेही हसले. मग ताटात इडली तशीच ठेवून उठले.

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी मला बोलावलं नाही. मला वाटलं, माणूस सुधारला.

त्या दिवशी काचेतलं पाणी स्थिर होतं आणि नळी साफ करायची कळ जाम झाली होती. हे मला नंतर कळलं. साडेनऊला नागोजीराव माझ्या ऑफिसच्या दाराशी आले. दाराच्या वरच्या भागाला काच होती. त्यांचा चेहरा उतरलेला होता. दार वाजवायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. मी त्यांना पाहिलं. आत बोलावलं की पुन्हा शटडाउन, पुन्हा फोन. छातीत धडधडायला लागलं. मी मान खाली घालून स्पेअर पार्ट्सची यादी वाचू लागलो. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. वर पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

मला हायसं वाटलं. हे लिहिणं सगळ्यात जड जातंय.

ते हायसं टिकलं नाही. दोनदा खिडकीशी जाऊन आलो. चिमणीचा धूर नेहमीसारखा होता. तिसऱ्यांदा तो पातळ दिसला. म्हणजे नागोजीराव परवानगीशिवायच भट्टीतले निखारे बाहेर ओढत होते. मी धावलो. आवारातच मोठा फुत्कार ऐकू आला. बॉयलरमध्ये शिशाचं एक बूच असतं. पाणी फार खाली गेलं की ते वितळतं आणि वाफ जाळावर येते. भट्टीचं दार उघडं होतं. वाफ त्यांच्या दोन्ही हातांवर आली.

"पाणी सोडू नका, सार!" भाजलेले हात पुढे धरून ते ओरडले. पाणी आटून तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर स्फोट होतो. घाबरून मी पंपाकडेच निघालो होतो.

चौकशीत मॅनेजरनं मला विचारलं, "त्यानं तुम्हाला इन्फॉर्म केलं होतं?"

"नो सर."

यातला शब्द न शब्द खरा होता.

नागोजीरावांना विचारलं, "इंजिनिअरना का नाही सांगितलं?" ते बँडेजकडे बघत म्हणाले, "तप्पायतु, सार." चुकलं. त्यांना बॉयलरवरून काढून गेटवर बसवलं.

माझी मुलगी सध्या ऑफिसात इमोशनल इंटेलिजन्सचं ट्रेनिंग घेते. समोरच्याची भावना ओळखायला शिकवतात म्हणे. नागोजीरावांची भीती मला दाराच्या काचेतून नीट ओळखता आली होती. स्वतःची ओळखली नाही, त्या भीतीच्याच सांगण्यावरून वागलो. वाईट बातमी आणणाऱ्याला हसलं की बातमी यायची थांबते. बिघाड व्हायचा थांबत नाही.

रिटायर झाल्यावर धीर करून त्यांच्या घरी गेलो. कॉफी आली. मी सुरुवात कशी करावी याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तेच बोलले.

"सार, एक मनात राहिलंय. त्या दिवशी मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. तुम्ही कामात होता. सुम्ने, गुपचूप परत गेलो. दार वाजवायला पाहिजे होतं. तुमची माफी मागायची राहिली."

"सोडा हो, जुनी गोष्ट," मी म्हणालो. कॉफी संपवली आणि निघालो. ते रस्त्यापर्यंत पोचवायला आले.

पुढच्या वर्षी ते गेले. नागोजीराव, मी तुम्हाला पाहिलं होतं.