माझा एकुलता एक वाचक

ब्लॉगला वाचक किती, असं कुणी विचारलं की मी ‘बऱ्यापैकी’ असं सांगायची. खरं म्हणजे एकच होता. नवऱ्याला मी धरत नव्हते, कारण तो वाचायचा नाही, नुसती मान डोलवायचा. नांदेडच्या धाकट्या भावालाही धरत नव्हते. तो प्रत्येक लेखाखाली ‘खूप छान ताई’ लिहायचा, आणि एकदा माझ्याकडून चुकून कोरंच पान चढवलं गेलं तेव्हा त्याखालीही त्यानं तेच लिहिलं होतं.

ब्लॉगचं खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसमुळे. जिल्हा परिषदेत आमच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले, मराठी टायपिंग शिकणं भाग पडलं, आणि बोटं अशी सुटली की ‘सविनय सादर’ लिहून त्यांचं पोट भरेना. मग मी घरी येऊन टोपणनावानं वाट्टेल ते लिहू लागले. मला एका विषयावर फार काळ बसवत नाही. आज ज्वारीच्या जाती, उद्या पहाटेचा शुक्र, परवा माहेरच्या निजामकाळच्या कागदांतले उर्दू शब्द, मध्येच क्रोशाची जाळी, गोदावरीकाठचे बगळे, पूर्णा स्टेशनावर गाडी एवढा वेळ का थांबते याचा तपास. नवरा म्हणायचा, “एक कुठला तरी विषय धर की! हे काय किराणा दुकान मांडलंस?” मी म्हणायची, किराणा दुकानात गिऱ्हाईक तरी येतं.

आणि खरोखरच एक गिऱ्हाईक आलं. हळद्या पक्ष्यावरच्या लेखाखाली कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, की आमच्याकडे सागाच्या जंगलात हा खूप दिसतो, पण त्याच्या घरट्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी आज पहिल्यांदा वाचलं. नावाच्या जागी नुसतं ‘एक वाचक’. त्यानंतर तो प्रत्येक लेखाखाली यायला लागला. नुसती वाहवा करून जायचा नाही, प्रश्न विचारायचा. शुक्र संध्याकाळीही दिसतो तो दुसरा असतो का? जाळी सुटली तर पहिल्यापासून विणायची का? मी मनातल्या मनात त्याला पुण्यातला निवृत्त प्राध्यापक करून टाकलं होतं, पत्नी गेलेली, खिडकीत कुंड्या, स्वभावानं अत्यंत सज्जन. ऑफिसात फाइल समोर ठेवून मी त्याला काय उत्तर द्यायचं याचा विचार करायची. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातल्या या पसाऱ्याची कुणाला गरज आहे असं पहिल्यांदाच वाटत होतं, आणि तो वाचक हातचा जाऊ नये एवढीच मला काळजी असायची.

आमचं घर लातूरला. भूकंपानंतर आमच्या गल्लीत वरचा मजला चढवायचं नाव कुणी काढत नव्हतं. माझे सासरे तर पुढची कितीतरी वर्षं अंगणात पत्र्याच्या शेडखाली झोपले. पण मग क्लासेसचा जमाना आला. कुठकुठल्या तालुक्यांतली पोरं अकरावी-बारावीला लातुरात येऊन उतरायला लागली, आणि तीच गल्ली बघता बघता दुमजली झाली. आमच्याही वर तीन मुली राहायच्या, एक जळकोटची, एक बिलोलीची आणि एक किनवटची. त्यांच्या आईवडिलांनी खोली दाखवल्या दाखवल्या मला बजावलं होतं, की मोबाइल दिसला की लगेच आम्हाला कळवायचं. लातुरात घरमालकीण म्हणजे अर्धी पोलीसपाटीलच. मीही तोंड वाकडं न करता शब्द दिला होता. एरवी माझं त्या मुलींशी बोलणं म्हणजे नळ बंद करा, लाइट घालवा, टँकर उद्या येणार नाहीये. एवढंच.

एकदा मी भूकंपाच्या सवयींवर एक हलकाफुलका लेख लिहिला. विसर्जन आटोपून गाव झोपलेलं आणि पहाटे जमीन हलली, त्या वेळी मी लग्न होऊन नुकतीच लातुरात आले होते. पुढे धक्के बसतच राहिले, तेव्हा आमच्याकडे घरोघर उशाशी भांडी रचून ठेवायची पद्धत पडली. तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा. जमीन जराशी हलली तरी खणखणाट व्हावा आणि माणसांना पळता यावं. बाकीच्यांची सवय गेली, माझी गेली नाही. दुपारी अंग टाकलं तरी मी भांडी रचते, असं त्या लेखात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांची प्रतिक्रिया आली. “आमच्या घरमालकीण काकू पण सेम अशाच आहेत. परवा दुपारी त्यांची भांडी मांजरानं पाडली तर काकू काखेत उशी मारून रस्त्यावर पळाल्या. त्यांचं ओरडणं ऐकून शेजारचे आजोबा टीव्हीचा रिमोट घेऊन बाहेर आले. आम्ही गॅलरीतून पाहून लई हसलो. पण आमच्या काकू तुमच्यासारख्या नाहीत. त्यांना नळ आणि लाइट सोडून काही सुचत नाही.”

मांजराचं मी लेखात एका अक्षरानंही लिहिलं नव्हतं. उशीचं तर मुळीच नाही. सागाचं जंगल म्हणजे किनवट हे आता लक्षात आलं. माझा पुण्याचा प्राध्यापक माझ्याच डोक्यावर, वरच्या खोलीत, बहुधा पांघरुणाच्या आत चोरून मोबाइल घेऊन बसलेला होता!

पहिल्यांदा राग आला. नळ आणि लाइट म्हणे! ताडताड अर्धा जिना चढले, आणि मग थांबले. वर जाऊन मी नेमकं काय बोलणार होते? फोन दे म्हणाले, तर वाचक गेला. तुझ्या वडिलांना कळवते म्हणाले, तरी वाचक गेला आणि वर पोरीचं शिक्षणही. काहीच बोलले नाही, तर तीन घरांना दिलेला शब्द मोडला. मी अर्ध्या जिन्यातून “टाकी भरलीय का बघा गं” असं ओरडले आणि खाली आले.

महिन्याभरानं किनवटच्या मुलीचे वडील भेटायला आले. आश्रमशाळेत नोकरी करणारा, अंगानं बारीक, बोलायला लाजरा माणूस. चारोळीची पुडी माझ्या हातात ठेवून दाराशीच उभे राहिले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी खाली बघत विचारलं, “ताई, पोरगी मोबाइल-बिबाइल तर वापरून राहिली न्हाई न?”

“छे हो भाऊ,” मी म्हणाले. “आमच्याकडे ते चालतच नाही.”

त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं, किती विश्वासानं पोरगी सोडलीय या माणसानं, आणि मी काय करतेय? तो श्वास माझ्या जिव्हारी लागला. परीक्षा जवळ येत होती. माझे बगळे आणि माझी जाळी वाचून पोरीचे मार्क गेले असते, तर मी आरशात बघू शकले नसते. तेव्हा मी मधला मार्ग काढला, आणि त्या वेळी तो मला फार शहाणपणाचा वाटला. दुकानाचं शटरच ओढून घेतलं. ‘काही महिने लिहिणार नाही’ एवढं लिहून ब्लॉग बंद केला.

त्याखाली तिनं विचारलं, “का? तुमची तब्येत बरी आहे ना?” मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर तिनं पुन्हा काही विचारलं असतं, आणि मला राहवलं नसतं.

ते महिने मला कठीण गेले हे कबूल करते. पूर्णा स्टेशनाबद्दल नवीन काहीतरी कळलं तर सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर त्यानं मान डोलवली. वरची पोरगीही तेवढ्यात वाळल्यासारखी दिसायला लागली. तिचा मेसचा डबा अर्धा परत जायचा. मी जिन्यात गाठून म्हटलं, “जेवत का नाहीस गं? परीक्षा आलीय, आजारी पडशील.” ती “हाव काकू” म्हणाली आणि वर गेली. बारावीचं टेन्शन, दुसरं काय, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. मोठ्या जाणत्यासारखं.

परीक्षा झाली. वडील तिला न्यायला आले. ती वर सामान बांधत होती, खाली आम्ही चहा घेत होतो. त्यांनी कप खाली ठेवला आणि मोकळेपणानं हसले.

“ताई, आता सांगायला हरकत न्हाई. तवा तुम्ही मोबाइल न्हाई म्हन्ला अन् माजा जीव भांड्यात पडला. म्याच दिलता तिला.”

“तुम्ही?”

“मंग! पयल्या महिन्यात रोज रडून राहायची. घरी न्या म्हनायची. म्या म्हन्लं, घे, लपवून ठिव, रातच्याला आईशी बोल. मंग तिला ते काय तरी सापडलं बगा. कोन बाई हाय म्हने, पाखराचं लिव्हते, ज्वारीचं लिव्हते, समदंच लिव्हते. तेवडं वाचलं की रडायची न्हाई. आईला फोनवर तेच सांगायची. पन मधीच त्या बाईनं लिव्हायचं बंद केलं. लई दिवस जेवली न्हाई पोरगी नीट. म्या तर त्या बाईला मनातून लई शिव्या घातल्या.”

मला रडू येत होतं आणि त्या भल्या माणसासमोर कसं रडायचं हेही कळत नव्हतं. मी तिचे मार्क वाचवत होते, आणि तिचा आधारच काढून घेत होते.

तेवढ्यात ती वळकटी घेऊन जिना उतरून आली. वाकून मला नमस्कार केला. मी तिला उठवलं, आणि आत्ता नाही तर कधीच नाही असं वाटून बोलून टाकलं, “ती बाई मीच. हळद्या, शुक्र, जाळी, सगळं मीच लिहायची. मांजराचंही वाचलं मी.”

ती क्षणभर लाल झाली. उशीवरून हसेल किंवा चुकलं म्हणेल असं मला वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, अगदी खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं.

“मग काकू,” ती म्हणाली, “आमच्याशी असं कधीच का नाही बोललात?”