सकाळीच अडकणारं इंटरनेट

मोडेम बदललं, बाहेरून येणारी लाईन तपासली, तरी मृणालताईंची सकाळची मीटिंग अडकतच होती. तक्रार, आमच्या भाषेत टिकट, फिरून आमच्या कंपनीकडे आली आणि माझ्या नावावर पडली. मी इंदूरमध्ये ब्रॉडबँडचा फील्ड इंजिनिअर आहे. मतलब लोकांच्या घरी जाऊन नेट नीट करतो.

सुपरवायझर म्हणाला, "भिया, दोपेर में सबने चेक किया, मस्त चल रिया था. टिकट बंद कर."

माझं डोकं सटकलं. आमची पद्धतच अशी आहे. सकाळी ऑफिसात हजेरी, सामान घेणं, चहा, आणि पहिल्या घराची बेल वाजवेपर्यंत दुपार. जो गेला तो दुपारी गेला, त्याला स्पीड बरोबर दिसला, आणि कस्टमरचा कॉम्प्युटर खराब आहे असं लिहून तो मोकळा झाला. बाई बिचाऱ्या सांगून थकल्या की त्रास सकाळी होतो, आणि गुरुवारी तर विचारूच नका. म्हणून मी ऑफिसला दांडी मारून गुरुवारी सकाळीच बड्या गणपतीजवळच्या त्यांच्या घरी पोचलो.

दारात ही मोठी रांगोळी. आतून मृणालताईंच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, पाय जपून टाकायला सांगितलं. मार्गशीर्ष चालू होता. उंबरठा नुकताच धुतलेला, हळदीकुंकू अजून ओलं. मी लांब टांग टाकून आत गेलो.

मृणालताईंचं ऑफिस पुण्यात. घरून काम करायची परवानगी होती, पण साहेबांनी आता सांगून टाकलं होतं की या महिन्यात नेट सुधारलं नाही तर पुण्याला येऊन बसा. नवरा पिथमपूरच्या कारखान्यात, तो नोकरी सोडून कुठे जाणार? आणि ताई गेल्या तर काकू दिवसभर एकट्या. पोह्यांची प्लेट माझ्या हातात देताना काकू हळूच म्हणाल्या, "भैया, काही करा, पण हिला जायला लागू नये." मला पोहे गोड लागेनात.

हॉलमधल्या राउटरला माझा लॅपटॉप जोडला. स्पीड एकदम झकास. म्हणजे आमच्या लाईनचा दोष नव्हता. मग बाहेर ओसरीवरच्या खोलीत गेलो. ही मृणालताईंची कामाची खोली. दिवाळीनंतर त्यांचं टेबल इथे हलवलेलं. इथे मात्र साधं पान उघडेना. सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहिला. वायरची दोन्ही टोकं आपसात ठरवतात की आपण किती वेगानं बोलायचं, तो हा आकडा. तिथे हजार पाहिजे, दिसत होते दहा. वायरच्या आत आठ बारीक तारा असतात. त्यातल्या काही नीट टेकत नसल्या की कॉम्प्युटर कुरकुर न करता वेग कमी करतो आणि गप्प बसतो. मग माणसं मोडेमला शिव्या घालतात.

आता गुपचूप वायर धरून चालायचं, दुसरं काही नाही. खोलीतून ओसरी, ओसरीतून दार. दाराच्या फटीतून वायर आत जात होती, आणि तिथेच, उंबरठ्याच्या कोपऱ्यात, माझ्या हाताला ओल लागली. तिथे एक छोटी प्लास्टिकची डबी होती. टेबल हलवलं तेव्हा वायर कमी पडली, तर नवऱ्यानं ही डबी लावून दुसरा तुकडा जोडला होता. डबी उघडली. आत पिवळं पाणी. पिना हिरव्या पडलेल्या.

रोज सकाळी उंबरठा धुतला जायचा, दुपारपर्यंत डबी वाळायची, आणि मग आमचा माणूस यायचा. गुरुवारी पाणी जास्त.

सांगावं की नाही, क्षणभर कळेना. पण नाही सांगितलं तर उद्या परत तेच. शेवटी जे होतं ते सांगितलं. काकू तिथेच पायरीवर बसल्या. पुण्याची गोष्ट निघाल्यापासून त्या उंबरठ्यावर दोन लोटे जास्तच ओतत होत्या, लक्ष्मीनं घर सोडू नये म्हणून.

"म्हणजे मी देवीला म्हणत होते हिला राहू दे," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याच हातानं हिला घालवत होते."

मृणालताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "आई, तुम्ही नाही हो. डबी कोणी लावली? संध्याकाळी येऊ दे त्याला पिथमपूरहून."

काकू हसल्या, पण डोळे पुसत.

मी सलग एकच वायर टाकली, चौकटीच्या वरून, जोड नाही काही नाही. लिंक स्पीड हजारावर आला. मृणालताई मीटिंगला बसल्या. काकू लोटा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "ओतू?"

म्हटलं, ओता. काम माझंच होतं, तरी कान खोलीकडे लावले. पाणी उंबरठ्यावरून ओसरीत वाहत आलं. खोलीतून मृणालताईंचा आवाज येत होता, न तुटता, आणि पुण्याचे साहेब हो-हो म्हणत होते. काकूंनी लोटा खाली ठेवला नाही. मीटिंग संपेपर्यंत तशाच उभ्या राहून ऐकत होत्या.

टिकट बंद करताना मी लिहिलं, जोडात पाणी गेलं होतं. सुपरवायझरनं विचारलं, थंडीत पाणी कुठून आलं? मी म्हटलं, तू सकाळी जाऊन बघ. तेव्हापासून सकाळची तक्रार मी सकाळीच बघतो. दुपारी गेलं की सगळं वाळलेलं असतं.