जांभळांवर घेतलेला आळ

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल बहुतेक सगळं ठाऊक आहे. मी रागावले की भांडी का आपटते, सासूबाईंच्या कोणत्या साड्या मला मनापासून आवडत नाहीत, कॉलेजात मी कोणासाठी रोज एक स्टेशन पुढे जाऊन मागे यायचे — सगळं. हे एक मात्र नाही. आईला सांगायचं राहून गेलं, आता ती नाही. तेव्हा तुम्हालाच सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे.

मी वाईन बनवते. हे सांगितलं की ठाण्यात कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका अजूनही तोंडाला पदर लावून हसतात. मायक्रोबायोलॉजी शिकले, तेव्हा वाटलं होतं की एखाद्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसेन. त्याऐवजी खडवलीच्या पुढे, शेतांच्या मधोमध एका पत्र्याच्या शेडमध्ये गमबूट घालून टाक्या धुते. आणि मला ते आवडतं — हेही कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव येणार नाही.

द्राक्षांच्या वायनऱ्या घाटावर. आमच्या मालकाला, निखिलला — हा डोंबिवलीचा, नोकरी सोडून या फंदात पडलेला — इथल्या मातीतलंच काहीतरी हवं होतं. द्राक्षं इथे कुठली यायला? पण जांभळं होती. खडवली-टिटवाळ्याच्या शेतांच्या बांधांवर आज्या-पणज्यांच्या काळातली झाडं होती आणि त्यांची फळं मुलं, वटवाघळं आणि माती खायची. निखिल घरोघर फिरला. ज्या घराची झाडं, ते घर आमचं भागीदार. प्रत्येक घराच्या जांभळांची टाकी वेगळी, आणि बाटलीवर त्या घरातल्या बाईचं नाव. बाईचंच का? कारण बैठकीत हिरामावशी म्हणाली होती, झाडावर पुरुष चढतो, पण खाली झोळी धरून उभी बाईच राहते.

हिरामावशी म्हणजे या सगळ्याची पहिली भागीदार. तिच्या बांधावर मोठी जांभळं होती. मूळची तिथलीच, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने हो म्हटलं म्हणून बाकीच्यांनी म्हटलं. नाहीतर दारू गाळणाऱ्या शहरी लोकांना कोण फळ देणार होतं? तिच्या नावाची बाटली तिने कधी चाखली नाही. पण दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवली होती, आणि आल्यागेल्याला दाखवायची.

नियमही तिनेच घातला. जांभूळ उतरवायची इथली पद्धत अशी की एक जण वर चढून फांदी हलवतो, आणि खाली चौघी जणी जुन्या साड्या शिवून केलेली झोळी ताणून धरतात. झोळीत पडेल ते फळ वायनरीचं. बाहेर मातीत पडेल ते शेळ्यांचं, पोरांचं, कोणाचंही. मातीतलं फळ फुटतं, त्याला तिथेच आंबूस वास धरतो. म्हणून मातीतलं एकही फळ द्यायचं नाही, आणि जो देईल तो भागीदारीतून बाहेर — हे निखिलने नाही, मी नाही, त्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यांना त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी हिरामावशीची जांभळं उतरली तेव्हा मी तिथे होते. सकाळपासून होते. झोळीचं एक टोक मीच धरलं होतं. हे लक्षात ठेवा. मी तर विसरू शकलेले नाही.

तिच्या जांभळांची वाईन छान झाली होती. आमच्या टाक्यांत सगळ्यात छान. गणपतीच्या आधी निखिलने तिच्यातली बरीचशी काढली आणि ठाण्यातल्या हॉटेलवाल्यांना नमुने म्हणून नेली. टाकी अर्ध्यावर आली. आता ही अर्धी टाकीच समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. अर्धी राहिली की वर हवा, आणि हवा मिळाली की वाईनचं व्हिनेगर करणारे जंतू कामाला लागतात. म्हणून उरलेली वाईन लगेच छोट्या ड्रममध्ये काठोकाठ भरायची असते. ड्रम गरम पाण्याने धुवायचे, पंप लावायचा, भरायचं, झाकणं आवळायची. अर्ध्या दिवसाचं काम. माझं काम.

मी ते केलं नाही.

का नाही केलं? — मला इथे एखादं भारदस्त कारण द्यायला आवडलं असतं. कोणी आजारी होतं, कोणी वारलं होतं. तसं काही नव्हतं. संध्याकाळी ठाण्याहून गावची गाडी होती, गौरी-गणपतीला संगमेश्वरला जायचं होतं, आणि जावेपेक्षा बरी साडी घ्यायची राहिली होती. झाकण नुसतं टेकवलं, रबरी कडा नीट बसली की नाही तेही पाहिलं नाही, आणि निघाले. आल्यावर करू म्हटलं. गाडीत बसल्यावर निखिलचा फोन आला, ड्रम भरलेस ना गं? मी म्हटलं, हो, भरलेत.

गावाला मजा केली. ते खोटं मला एकदाही आठवलं नाही. हे सांगताना मला जास्त लाज वाटते — निदान टोचायला तरी हवं होतं की नाही?

परत आले त्या दिवशी शेडचं दार उघडलं आणि वासाने नाक झोंबलं. तुम्ही लोणच्याचं व्हिनेगर उघडता तेव्हा येतो तो वास. टाकीच्या झाकणाभोवती चिलटं घोंघावत होती. चमच्याने चाखलं. थुंकून टाकलं. संपलं होतं सगळं.

आणि मग मी काय केलं? निखिलला फोन केला? नाही. आतून कडी लावली. ड्रम काढले, गरम पाण्याने स्वच्छ धुतले, पंप लावला, आणि ती नासलेली वाईन ड्रममध्ये काठोकाठ भरली. झाकणं घट्ट आवळली. जे काम जाण्याआधी करायचं होतं, ते मी आल्यावर केलं, अगदी मन लावून केलं. टाकी धुऊन कोरडी केली, चिलटं हाकलली. मग फोन केला — अरे, ये लवकर, काहीतरी भयंकर झालंय.

निखिलने चाखलं आणि खालीच बसला. बाकीच्या टाक्या ठीक होत्या. एकच का नासली, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तू तर वेळेत भरली होतीस, मग का? त्याने माझ्यावर संशय घेतला असता तर कदाचित मी कबूल केलं असतं. कदाचित. पण त्याचा माझ्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्या आड लपायला मला छान जागा मिळाली. मी म्हटलं, फळातच दोष असणार. मातीतली वेचलेली असतील.

एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. शिकलेली बाई शांतपणे बोलली की ते खरंच वाटतं.

मला वाटलं होतं, निखिल हळहळेल आणि गप्प बसेल. तो सरळमार्गी माणूस. त्याने भागीदारांची बैठक बोलावली, गावदेवीच्या देवळापुढच्या मांडवात. सगळ्या घरांतून कोणी ना कोणी आलं होतं. मला शेजारी बसवून निखिलने झालं ते सांगितलं. हिरामावशीचं नाव घेताना तो अडखळला. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले. त्यातल्या कितीतरी जणांना तिनेच हाताला धरून या कामात आणलं होतं.

ती उठून उभी राहिली. ती आरडाओरडा करेल, शिव्या देईल, असं वाटत होतं, आणि खरं सांगू? तेच व्हावं अशी माझी इच्छा होती. भांडणात सगळं बुडून गेलं असतं. पण ती माझ्याकडे वळली.

"आमचे झाराचं जांबूल मातीतलं नव्हतं. पोरी, तू व्हतीस ना तवा? तूच सांग सगल्यांना."

तिला साक्षीदार हवा होता, आणि तिने मला निवडलं. तिच्या बाजूने बोलणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं असं नाही — सून होती, शेजारणी होत्या. पण घरच्या माणसांचं कोण ऐकतं? माझं ऐकलं असतं. एक शब्द पुरला असता. ड्रमचं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं एवढं म्हणायचं होतं की हो, मी झोळी धरली होती, सगळं फळ झोळीतलंच होतं. वाईन का नासली ते कोडंच राहिलं असतं, आणि तीही वाचली असती, मीही वाचले असते. पाहिलंत? खोटं न सोडताही तिला वाचवता आलं असतं. तेही मी केलं नाही. मला वाटलं, फळ चांगलं होतं म्हटलं तर पुढचा प्रश्न माझ्याकडे येईल.

मी म्हटलं, "मावशी, मी पूर्ण वेळ नव्हते ना तिथे."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. बहुतेक ती आठवून पाहत होती — ही मध्ये उठून गेली होती का? माझ्या बोलण्यावरून ती स्वतःची आठवण तपासत होती. मग काशिनाथदादा, त्यांच्यातले वयाने मोठे, खालच्या आवाजात म्हणाले की नियम तो नियम. त्यांना पुढे बोलू न देता हिरामावशीच म्हणाली, "नियम मीनंच घातलेला. मंग मना पयला लागू." चपला पायात सरकवून ती निघून गेली. सून मागोमाग गेली. जाताना सून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिचा अर्थ मात्र मला बरोबर कळला.

पुढचं लवकर सांगते, मला त्यात रेंगाळवत नाही. तिचा मुलगा बरीच वर्षं शेत बिल्डरला द्यायचं म्हणत होता. टिटवाळ्याकडून इमारती सरकत सरकत त्यांच्या बांधापर्यंत आल्या होत्या. ती अडून बसली होती — या झाडांमुळे बाटलीवर माझं नाव आहे, गावात इज्जत आहे, म्हणायची. आता कुठली इज्जत आणि कुठलं नाव? तिने मुलाशी वाद घालणं सोडलं. त्या हिवाळ्यात झाडं तोडली. मी बघायला गेले नाही. वायनरीला जायचा माझा रस्ता त्या बांधावरूनच होता, तो मी बदलला. लांबून जायला लागले आणि सकाळचं चालणं होतं असं सगळ्यांना सांगायला लागले.

माझं काय झालं? चांगलं झालं. आता सगळं उत्पादन माझ्या हाताखाली आहे. नव्या मुली येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी अर्ध्या टाकीचा धडा देते. एकीने एकदा झाकण सैल ठेवलं, तर मी तिला सगळ्यांसमोर इतकं झापलं की ती रडली. मॅडम फार कडक आहेत, म्हणतात. निखिल पाहुण्यांना सांगतो की आमची वाईन हिच्या शिस्तीवर उभी आहे. मी हसते. हसता येतं मला. एकदा सवय झाली की माणसाला सगळं जमतं.

हे सगळं मनात असूनही मी कदाचित बोलले नसते. पण मागच्या महिन्यात टिटवाळ्याच्या भाजी बाजारात हिरामावशी भेटली. मी चुकवून जाणार होते, तिनेच हाक मारली. वाळली होती. बिल्डरने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहते, लिफ्टची भीती वाटते म्हणून जिन्याने उतरते, असं सांगत होती. माझ्या मुलांची चौकशी केली. मी निघते म्हटलं, तर तिने माझा हात धरला आणि मला गर्दीतून बाजूला घेतलं.

म्हणाली, तवा तिची नजर गेली होती. दोन्ही डोल्यांत मोतीबिंदू, पण कोणाला सांगितलं नव्हतं, पोरगा म्हातारी झाली म्हणेल म्हणून. ऑपरेशन झाल्यावर कळलं, आपल्याला किती कमी दिसत होतं ते. झोळीतली जांभळं करंडीत भरताना खालची पण हाताला लागली असणार, दिसली नसणार. तिने तेव्हा सुनेवर संशय घेतला होता. सुनेशी कितीतरी दिवस नीट बोलली नव्हती. आता वाटतं, तिचा काही दोष नव्हता, आपलाच होता. भर बैठकीत आपण खोटं पडलो, आणि तुला साक्षीला उभं करून तुलाही अडचणीत टाकलं. हे तुला कधीतरी सांगायचं होतं.

"तुमची टाकी माज्यामुलं नासली गं पोरी," ती म्हणाली. "माफ कर मना."

तिचे डोळे भरले होते. माझा हात तिच्या दोन्ही हातांत होता. भाजीवाला कोणाला तरी ओरडून बाजूला व्हायला सांगत होता. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं, निखिल नव्हता, बैठक नव्हती. खरं बोलले असते तर माझं काहीसुद्धा गेलं नसतं. तिला मात्र तिची नजर, तिची सून, तिचा शब्द, सगळं परत मिळालं असतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ दे मावशी, होतं असं कधीकधी."

आणि मी तिला माफ केलं.