माठामागची बिअर

बिअरचा ग्लास हातात धरून जरा ऊन करायचा असतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तोवर बिअर म्हणजे बाटलीला घाम फुटलेला हवा, घोट इतका थंड हवा की चव कळायच्या आत पोटात जावा, एवढीच माझी समजूत. आमचे हे होते तेव्हा कुणाच्या लग्नात नाहीतर साखरपुड्यात घ्यायचे ग्लासभर. मी त्यांच्यातला एक घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. झालं माझं बिअरचं शिक्षण.

आता माझी नातच बिअर करते. लेकीची लेक. लेक आणि जावई कधीचे इस्रायलला, अश्दोदला राहतात. नात कॉलेजपुरती म्हणून माझ्याकडे राहिली ती राहिलीच. खांदा कॉलनीत आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक, त्यात आम्ही दोघी. खारघरच्या पुढे एक जागा आहे, तिथे बिअर तिथेच बनते आणि तिथेच लोक बसून पितात. तिथे ही कामाला. काम म्हणजे काय, तर टाक्या धुवायच्या, नळ्या धुवायच्या, माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, पोती उचलायची. बनवण्यापेक्षा धुणंच जास्त, असं ती स्वतःच म्हणायची. तिची आई फोनवर रोज एकच टुमणं लावायची, की एवढं शिकून भांडीच घासायची तर इकडे येऊन घास, निदान डोळ्यासमोर राहशील.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या मालकांनी तिला सांगितलं, तू तुझी एक बिअर करून दाखव. इंग्लिश पद्धतीची पेल एल. लहान भांड्यात कर, बाटल्यांत भर, मला चाखव. जमली तर मोठ्या टाकीत लावू आणि ती टाकी तू सांभाळ. हे ऐकून आली तेव्हा माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, ही जमली नाही ना, तर मी आईकडे जाते. नुसत्या टाक्या धुवून किती वर्षं काढू?"

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. भाजी निवडत होते, ती निवडत राहिले.

बाटल्या घरी आल्या त्या एका क्रेटमधून, दुपारच्या वेळी. दोनतीन तिने तिकडेच कोल्ड रूममध्ये ठेवल्या होत्या, बाकी घरी आणल्या, कारण मालकांनी म्हटलं होतं की आधी बिअर न पिणाऱ्या कुणाला तरी दे. ती म्हणाली, तू शुक्रवारचं शरबत करतेस, तुझी जीभ मला पाहिजे.

हे शरबत म्हणजे आमच्या घरचं मनुकांचं. आम्ही ज्यू, शब्बाथच्या म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळी वाइनच्या जागी तेच घेतो. काळ्या मनुका भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. मनुका जास्त भिजल्या की शरबताला एक आंबूस कड येते, ती मला वासावरूनच कळते. तेवढी माझी लायकी. पण नातीने मला गॅलरीत खुर्चीवर असं बसवलं, जसं काही मी परगावाहून बोलावलेली पाहुणी.

तिने ग्लास तिरका धरून हळूच ओतली. मधाचा असतो तसा रंग, पण पातळ, उन्हात धरला की आतून तांबूस. फेस बोटभर, पांढरा, घाई नसलेला. आता पी म्हणेल असं मला वाटलं, तर नाही. आधी दोन्ही तळव्यांत धर म्हणाली. ही फार थंड प्यायची नसते, थंडीत तिचा वास झोपलेला असतो. मग ग्लासावर हात झाकून जरा फिरवायचा, हात काढायचा आणि नाक घालायचं.

मी नाक घातलं. काय सांगू. सकाळी बेकरीत खारीचा ट्रे बाहेर निघतो तसा वास आला. त्याच्यामागे चहाच्या पुडीचा डबा उघडावा तसं काहीतरी, सुकं, पाल्यासारखं. संत्र्याची वाळकी साल. आणि या सगळ्यांच्या खाली, दबून, लोणी. कढत असलेलं लोणी.

मी डोळे मिटले ते उघडेचनात. माझी आई आठवड्याचं लोणी एका दुपारी कढवायची. मटण शिजवायची पातेली वेगळी आणि दुधातुपाची वेगळी, त्यामुळे ते एक पितळी पातेलं वर्षानुवर्षं फक्त लोण्याचं. लोणी आधी फसफसायचं, मग बोलायचं बंद व्हायचं, आणि तूप होण्याच्या जरा आधी घरभर असा गोड वास सुटायचा की आम्ही पोरं खेळ टाकून चुलीपाशी जाऊन बसायचो. आई हातानेच मागे सारायची. त्या वासात तिचा तो हात होता. खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, नव्या विमानतळाकडे एक विमान उतरत होतं, आणि मी कुठे होते ते मला सांगता आलं नसतं.

नात म्हणाली, आता घोट घे, तोंडात फिरव आणि गिळ. गिळल्याशिवाय कडवटपणा कळत नाही, तो जिभेच्या पार मागे बसतो. मी गिळली. कडू होती, पण कारल्यासारखी अंगावर येणारी नाही. आधी भाजल्या पावाची गोडी, मग ती आपली आपण निघून जाते आणि मागे कोरा कडवटपणा राहतो, दुसरा घोट मागणारा.

"छान झालीय," मी म्हटलं. "लोण्याचा वास तर किती गोड."

तिचा चेहराच उतरला. तिने स्वतःच्या ग्लासात परत नाक घातलं, बराच वेळ, आणि ग्लास कठड्यावर ठेवून दिला. तो लोण्याचा वास म्हणजेच चूक आहे, म्हणाली. यीस्ट काम करताना ते लोणी आधी तयार करतं आणि मग स्वतःच खाऊन टाकतं. तिने वाट न बघता बाटल्या भरल्या, म्हणून ते मागे राहिलं. इंग्लिश एलमध्ये किंचित असलं तर लोक चालवून घेतात, पण हे किंचित नव्हे. मालक पहिल्याच वासात ग्लास खाली ठेवतील. आणि दुसरी करायला आता वेळ नाही, पेसाहचा सण झाला की लगेच चाखायचं ठरलंय.

मला आवडली, मी पुन्हा म्हटलं.

"तुला मी इथे राहायला हवी म्हणून आवडली, आजी."

 लोणी खरंच आवडलं होतं. पण तिचं म्हणणंही अगदीच खोटं होतं असं नाही. माझी मलाच ती दोन वेगळी काढता येईनात.

मग सणाची साफसफाई निघाली. पेसाहला आमच्या घरात खमीर चालत नाही. पाव, बिस्किटं, जे जे आंबून फुगतं ते सगळं सणाआधी घराबाहेर. मी डबे उन्हात घातले, फळ्या पुसल्या, मिक्सरच्या खाचेत अडकलेला ब्रेडचा चुरा सुईने काढला. सगळं लखलखीत करून कंबर सरळ केली आणि ओट्याखाली बघते तर काय, बार्ली आंबवून केलेल्या बिअरची क्रेट ऐटीत बसलेली. सुईने चुरा काढणारी मी, आणि तिथेच वाकून झाडणारी माझी नात, दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दोघी फरशीवर बसून हसलो. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली असेल.

ओतून टाकू म्हणाली. नाहीतरी फसलेलीच आहे. मी म्हटलं, थांब.

आमच्यातले जुने लोक या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणत. अनाशी म्हणजे घरातला आंबट कालवणाचा घडा, कायम आंबत असलेला. सणाच्या दिवसांत तो झाकून बाजूला ठेवायचा, बघायचा नाही, हात लावायचा नाही. सण झाला की उघडायचा. टाकून कुणी देत नसे. माझ्या आजीने घडा ढाकलेला मी बघितलाय. फडकं बांधताना ती काहीतरी पुटपुटायची, त्या घड्याशीच बोलायची बहुतेक.

समोरच्या ब्लॉकमध्ये एक बाई राहते, माझ्या लेकीच्या वयाची. उलव्याकडच्या गावची, आगरी. गावची शेतं विमानतळात गेली तेव्हापासून इकडे. दार दिवसभर सताड उघडं आणि मला हाक मावशी म्हणून. क्रेट तिच्याकडे ठेवायचं ठरलं. नातीने तिला बजावलं, वैनी, फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर उरलीसुरलीही बिघडेल. मी आपली माझ्या सवयीने म्हटलं, सण होईपर्यंत झाकून ठेव गं. तिने क्रेटकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, आमच्या हलदीला यवरं तं मांडव घालनारंच संपवतान." आणि उचलून घेऊन गेली.

सणाच्या पहिल्या रात्री आम्ही दोघीच होतो. मात्सा म्हणजे बिनखमिराची रोटी, कडू पाला, मनुकांचं शरबत. प्रार्थनेत एलियाहू नबीसाठी दार उघडायचं असतं, ते नातीने उघडलं. समोरचंही दार नेहमीसारखं उघडंच होतं. आत टीव्हीचा निळा उजेड हलत होता, आणि त्याच्या मागे अंधाऱ्या खोलीत कुठेतरी ती क्रेट. नात दारात उभी राहून तिकडेच बघत होती. मी म्हटलं, नबी आले असतील तर त्यांना आत तरी येऊ दे. ती हसून बाजूला झाली. पुढल्या वर्षी हे दार कोण उघडेल, हे माझ्या ओठावर आलं होतं. ते मी शरबताबरोबर गिळलं.

सण संपला त्या संध्याकाळी आम्ही क्रेट आणायला गेलो. बाईने फ्रीज उघडलाच नाही. आम्हाला आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात तिवईवर माठ, माठाच्या मागे भिंतीला लागून क्रेट, वर ओलं फडकं. नातीने बाटलीला हात लावला. थंड नव्हती. ती क्रेटपाशीच खाली बसली.

वैनी, फ्रीज म्हटलं होतं ना मी, एवढंच म्हणाली.

बाईला काय बिघडलं ते कळेना. ती माझ्याकडे वळली. "मावशी, फ्रीजमदी सगली कोलबी हाय. तुमी लोकं कोलबी खात नाय. तुमच्या सनाची वस्तू तिच्या बाजूला कशी ठेवू? मावशीनी झाकून ठेव सांगितलं, मी झाकली. रोज फडका भिजवलाय."

तिला काय बोलायचं? खवले नसलेली मासळी आम्हाला चालत नाही, हे तिने इतक्या वर्षांत कधी तरी लक्षात ठेवलं होतं.  नात उठली आणि तिने वैनींचा हात धरला.

घरी येऊन तिने एक बाटली फोडली. ओतली, तळव्यांत धरायचीही गरज नव्हती, नाक घातलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने ग्लास फिरवला, पुन्हा नाक घातलं. मग ग्लास माझ्यापुढे केला आणि म्हणाली, खरं सांग हं, काय येतंय?

मी वेळ घेतला. खारीचा ट्रे होता. चहाची पुडी होती, संत्र्याची साल तर पहिल्यापेक्षा उघडी झाली होती, सकाळच्या बाजारात हुंगावी तशी. घोट घेतला. पावाची गोडी, मग कोरा कडवटपणा. सगळं आपापल्या जागी बसलेलं. लोणी कुठेच नव्हतं. मी खालपर्यंत शोधलं.

लोणी गेलं, मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. मग भराभर सांगायला लागली. बाटलीत थोडं यीस्ट जिवंत असतं. फ्रीजमध्ये ते झोपलं असतं आणि लोणी तसंच राहिलं असतं. माठामागे ते जागं राहिलं आणि आपलं उरलेलं काम पुरं करून बसलं. जरा जास्त गरमी झाली असती तरी बिअर शिळी झाली असती, पण वैनींनी फडकं भिजवलं. ती बोलत होती आणि मी मान हलवत होते. मला आनंद झाला होता. तरी ग्लास खाली ठेवताना घरातून कुणीतरी नुकतंच बाहेर पडल्यासारखं वाटलं.

मालकांनी शुक्रवारी माठामागची बाटली चाखली. तिने मला जसं सांगितलं तसं सांगते. त्यांनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला. मग पूर्ण ग्लास प्यायले आणि रिकामा तिच्यापुढे केला, अजून घाल म्हणून. तो अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, मोठी टाकी कधीपासून हवी तुला?

तिने आईला तिथूनच फोन केला, या वर्षी येत नाही म्हणून. आई काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

घरी आली तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. मी मनुका गाळत होते. तिने बॅगेतून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली, कोल्ड रूममधल्या दोनतीनपैकी एक. तिला कुणी हलवलं नव्हतं, तिच्यातलं यीस्ट झोपलेलंच होतं.

"ही फसलेली तुझ्यासाठी ठेवली होती," ती म्हणाली. "त्या दिवशी तू डोळे मिटलेस ते मी बघितलं होतं."

किद्दुशची प्रार्थना झाली, शरबत झालं, जेवणं झाली. मग तिने ती बाटली दोन ग्लासांत ओतली. समोरच्या दारातून हाक आली, मावशी जेवलात का म्हणून, नातीने इकडूनच हो म्हणून सांगितलं. मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. फार थंड होता. वास यायला वेळ लागणार होता, पण आता मला घाई नव्हती.